गळलेलं अक्षर

वर्गात मी नावाने हजेरी घेत नाही, नंबराने घेते. माझ्या वर्गात सगळी मोठी माणसं. शाळेसारखं नाव पुकारलं की त्यांना कानकोंडं होतं. केस कापणारा आहे, बेकरीत पाव भाजणारा आहे, दोन परिचारिका आहेत, आणि एकाच घरातल्या नणंद-भावजय आहेत. त्या शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकींच्या वहीत बघून दोघीही तीच चूक करतात. कधीतरी सुटलेली शाळा आता पुरी करायची म्हणून ही मंडळी दुपारी दोन ते चार वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतात, आणि मी त्यांना इंग्रजी शिकवते.

या वर्षीच्या परीक्षेत अलंकारांचा भाग आला, तेव्हा सगळ्यांनी डोक्याला हात लावला. सिमिली, मेटॅफर, हायपरबोली, आयरनी. केस कापणारा म्हणाला, ही गिऱ्हाइकांची नावं असती तर पाठ झाली असती. मग मी माझी जुनी युक्ती काढली. पुस्तकातलं उदाहरण लिहायचंच नाही. प्रत्येकाने प्रत्येक अलंकाराला आपल्या घरातलं एक वाक्य शोधायचं, कारण पुस्तकातलं परीक्षेत आठवत नाही आणि घरातलं विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ही युक्ती मी तीस वर्षं वापरली. ती कुणाच्या जिवाला लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत हजेरीत मी दहा म्हणायचे, आणि मग जरा थांबून बारा म्हणायचे. अकरा नंबर हिवाळ्यात गेली.

ती सकाळी चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिशीची होती. सगळ्यात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचायची आणि वर म्हणायची, "बाई, तुमचा नंबर वाढलाय, एकदा दुकानात या." एका दुपारी ती वर्गाला निघाली आणि पुलाखालच्या वळणावर एका मालट्रकने तिला गाठलं. मला काय ठाऊक. मी हजेरीत तिच्यापुढे गैरहजर लिहिलं, मनात थोडी चिडलेही, आणि मुलांना, म्हणजे माझ्या त्या मोठ्या मुलांना, धडा वाचायला लावून आदल्या दिवशी गोळा केलेल्या वह्या तपासायला घेतल्या. तिची वही वरच होती. शेवटच्या पानावर अपॉस्ट्रॉफी होता. व्याख्या नीट, अक्षर मोत्यासारखं, आणि उदाहरणाच्या ओळीत फक्त बाबा असा एक शब्द, इंग्रजी अक्षरांत, पुढे स्वल्पविराम. बाकी ओळ कोरी. मी लाल शाईने फुली मारली आणि लिहिलं, उदाहरण चूक, पुन्हा लिहा.

अडीच वाजले असतील. त्या वेळी ती रस्त्यावर पडलेली होती. मी तिला पुन्हा लिहा म्हणत होते.

तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा ती वही मी तिच्या थोरल्या बहिणीच्या हातात दिली. लाल फुलीसकट. ते पान फाडावं असं वाटलं होतं, पण गेलेल्या माणसाच्या वहीतलं पान फाडायला हात धजला नाही.

त्यानंतर वर्गात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. मी दहा म्हणून थांबले की मागच्या बाकाची फळी कुरकुरायची. उठून हजर म्हणताना माणसाचा भार सरकतो, तशी. पहिल्यांदा सगळ्यांनी मागे पाहिलं. मग कुणी पाहीनासं झालं. भावजय एकदा म्हणाली की लाकूड थंडीत आकसतं. नणंद म्हणाली, आकसतं तर बाराच्या आधीच कसं आकसतं. एरवी भावजयीने हिला सोडलं नसतं. त्या दिवशी तिने नुसती वही उघडली.

महिन्याने एक म्हातारे गृहस्थ जिना चढून वर आले. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेन्सिली, एक लाल, एक निळी. दारात उभे राहून म्हणाले, "मी अकरा नंबरचा बाप. तिची जागा रिकामी असेल तर परीक्षेपर्यंत बसू का?"

नाही कसं म्हणणार. ते मागच्या बाकावर जाऊन बसले. काखेतली वही समोर ठेवली. तीच वही.

चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधन केलं होतं. मराठीचं आणि इंग्रजीचंही. आणि गंमत अशी की इंग्रजी त्यांना येत नव्हतं. अक्षरं येत होती. मूळ प्रतीत काय आहे आणि छापलेल्यात काय आहे, हे अक्षरागणिक ताडून बघायचं, बास. अर्थ कळला की माणूस वाहवत जातो आणि चूक निसटते, म्हणून ते पान शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे. वर्गाला ते भलतेच आवडले. दोन दिवसांत त्यांचे प्रूफकाका झाले. बेकरीवाल्याने पाटीवर पावाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर खाल्लं, तर यांनी उठून गळलेल्या जागी खालून कावळ्याच्या पायासारखी खूण केली आणि वर अक्षर भरलं. काकपद म्हणतात याला, म्हणाले. अक्षर पळून गेलं तर त्याच्या पाऊलखुणेवरून त्याला परत आणायचं. केस कापणारा म्हणाला की त्याची बायको माहेरी गेली आहे, तिथे ही खूण चालेल का. सगळे हसले. काकाही हसले, आणि हसता हसता मागे दाराकडे बघून गप्प झाले.

आता हजेरीत मी अकरा म्हणू लागले. ते हजर म्हणायचे. बाक कुरकुरायचा थांबला, कारण त्यावर आता खरंच कुणी बसलेलं होतं. पण ते बाकाच्या एका कडेला बसायचे, अगदी पडतील इतके कडेला. उरलेली जागा कुणासाठी तरी ठेवल्यासारखी.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ते मागे राहिले. टेबलाशी येऊन वहीचं शेवटचं पान उघडलं. म्हणाले, एक विचारायचं आहे, खरं सांगा. मी म्हटलं, विचारा.

"हिने अपॉस्ट्रॉफीसमोर माझं नाव लिहिलं, तेव्हा वर्गात हसले होते का?"

मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही, पण उत्तर ठाऊक होतं. हसले होते. मोठ्याने हसले होते. मी म्हटलं, आता नीटसं आठवत नाही. खोटं बोलायची सवय नसली की चेहरा चुगली करतो. त्यांनी वही मिटली, मान हलवली आणि जिना उतरून गेले.

थोरली मुलगी दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी आली. ती दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. बोलणं नेमकं, मात्रेत मोजून दिल्यासारखं. तिने सांगितलं तेव्हा मला सगळं उमगलं.

चार महिने बाप-लेकीत अबोला होता. एका शिक्षकसंस्थेची स्मरणिका त्यांनी घरी तपासली होती, निवृत्तीनंतरचं मानाचं काम. छापून आली. मुखपृष्ठावर इंग्रजी नाव, आणि त्यात अपॉस्ट्रॉफीची जागा चुकलेली. एस अक्षराच्या नंतर हवी ती आधी पडली होती. धाकटीने जेवताना सगळ्यांसमोर, थोरलीच्या नवऱ्यासमोर, हसत हसत दाखवून दिलं की बाबा, तुम्ही तर शंभर शिक्षकांची संस्था एकाच शिक्षकाच्या नावावर करून टाकलीत. जावई हसला. चाळीस वर्षांत ज्यांच्या प्रुफात कुणी चूक काढली नव्हती, त्यांच्या पानात पोटच्या पोरीने काढली, तीही जावयादेखत. ते ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून तिच्याशी बोलायचे थांबले.

"ती बोलायची," थोरली म्हणाली. "चहा देताना, येताना, जाताना. तिने एक दिवस सोडला नाही. हे भिंतीसारखे. आणि दुपारी ती निघाली की मोरीशी जाऊन नळ पूर्ण सोडायचे. कप विसळत बसायचे. तिचा आवाज कानावर पडू नये म्हणून."

शेवटच्या दिवशीही तसंच झालं. ती दारात काहीतरी म्हणाली. पाण्याच्या आवाजात यांना फक्त शेवट ऐकू आला. ते. नुसतं ते. पहिलं अक्षर पाण्यात गेलं.

"आता त्यांच्या डोक्यात एवढंच आहे, बाई. ती येते म्हणाली की जाते म्हणाली. वहीत अपॉस्ट्रॉफीपुढे बाबा बघितल्यापासून तर त्यांची खात्रीच झाली, की हिने वर्गात माझ्या चुकीची टर उडवली, हिच्या मनात राग होता, आणि हिने मुद्दाम जाते म्हटलं. रोज दीड वाजता नळ सोडतात आणि कान देऊन बसतात. म्हणतात, रोज ऐकू येतं. ते. पुढचं काही नाही, मागचं काही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला भीती वेगळीच आहे. एखाद्या दिवशी त्यांना येते ऐकू आलं, तर ते ये म्हणतील. गेलेल्या माणसाला ये म्हणू नये. ती दारातून हलायची नाही मग. तुमचं ऐकतात ते. तेवढं म्हणू देऊ नका."

मी देवभोळी बाई आहे. आमच्या प्रार्थनामंदिरात एक वृद्ध गृहस्थ दर आठवड्याला गाऊन निरूपण करतात, आणि मी पहिल्या ओळीत बसून रडते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. त्यामुळे ही भीती मला हसण्यावारी नेता आली नाही. बघते, एवढंच म्हटलं.

पण मला खरी झोप लागू देईना ती वेगळी गोष्ट. अपॉस्ट्रॉफी दोन आहेत. एक चिन्ह, गळलेल्या अक्षराच्या जागी देतात ते. आणि त्याच नावाचा एक अलंकार. परीक्षेला अलंकार होता. काकांना चिन्ह तेवढं माहीत होतं. सगळा जन्म त्यांनी ते चिन्ह तपासण्यात घालवला आणि एकदाच चुकवलं. त्या शब्दापुढे आपलं नाव दिसल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? आणि मी, जिला दोन्ही ठाऊक होतं, मी आठवत नाही म्हणून मोकळी झाले. कारण खरं सांगायचं तर त्यात माझी फुलीही सांगावी लागणार होती.

सोमवारी उजळणी होती. एकेक उठून व्याख्या आणि घरातलं उदाहरण सांगत होता. बेकरीवाल्याने हायपरबोली सांगितली, आमच्या घरात चहात साखर नसते, साखरेत चहा असतो. नणंदेने आयरनी सांगितली, वहिनी म्हणते मला कामाची फार आवड. अपॉस्ट्रॉफी नेमका अकरा नंबरवर आला. मी तो टाळू शकले असते. टाळला नाही, कारण त्याआधीच काका उठले होते.

ते सावकाश, छापखान्यात वाचून दाखवतात तसं म्हणाले, "अपॉस्ट्रॉफी. गळलेल्या अक्षराची खूण. उदाहरण, माझी चूक."

भावजयीने मान खाली घातली. हिवाळ्यात पहिली हसली होती ती हीच. मी म्हटलं, काका, त्या नावाचे दोन प्रकार आहेत. तुम्ही सांगितलात तो एक. परीक्षेला दुसरा आहे.

"दोन?" ते म्हणाले. तसेच उभे राहिले. पानाच्या तळाशी एखादी ओळच छापायची राहून गेली आणि ती आपल्या नजरेतून सुटली, असं कळल्यावर माणूस उभा राहील तसे. मग विचारलं, "हिने कुठला लिहिला?"

मी म्हटलं, उद्या वर्गाआधी तुमच्या घरी येते, तिथे सांगते. वही काढून ठेवा.

दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत दार, दारासमोर मोरी, मोरीवर पितळी तोटीचा नळ. धाकटीच्या चपलांचा एक जोड दाराशी होता, कुणी हलवलेला नव्हता. थोरली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर खोचून उभी होती, आणि तिच्या नजरेत आदल्या भेटीतली ती विनवणी होती. काका मोरीशी स्टुलावर बसले, दाराकडे पाठ करून. दीडला चार मिनिटं होती.

"आधी ऐका," ते म्हणाले, आणि नळ सोडला.

पाणी पितळी भांड्यात पडू लागलं. मोठा आवाज होता, सगळं बोलणं बुडवील असा. मी दाराकडे तोंड करून बसले होते आणि दारात कुणी नव्हतं. खरं तेच सांगते, त्या पाण्याखाली मला काही ऐकू आलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं नक्की की दाराशी ठेवलेल्या चपलांकडे बघवेना, म्हणून मी नजर काढून घेतली.

"ते," काका म्हणाले. "आजही पहिलं अक्षर गळलं."

मी उठले आणि नळ बंद केला. मग त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं.

सांगितलं की अपॉस्ट्रॉफी हा अलंकार म्हणजे जो समोर नाही, किंवा असून उत्तर देऊ शकत नाही, त्याला समोर असल्यासारखी हाक मारणं. गेलेल्याला, दूर असलेल्याला, दगडाला, देवाला. वर्गात मी आमच्या त्या निरूपणवाल्या आजोबांचं उदाहरण दिलं होतं. ते गाता गाता दोन्ही हात वर करतात आणि देवाला ये म्हणतात. देव काही दारातून येऊन बसत नाही. पण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा हात वर करतात.

"तेव्हा तुमची मुलगी उठली," मी म्हटलं. "म्हणाली, बाई, माझ्या घरातलं चालेल का? मी रोज निघताना म्हणते, बाबा, येते. आणि बाबा नळ सोडतात."

काकांचा हात भांड्याच्या काठावर होता. तो तिथेच राहिला.

"हसले का म्हणून विचारलंत. हो, हसले. भावजय म्हणाली, मग मी नणंदेशी रोज अपॉस्ट्रॉफीच करते. त्यावर हसले. तुमच्या चुकीबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही, ती चूक वर्गात कुणाला ठाऊकही नव्हती. तीही हसली. मग मी म्हटलं, हे उदाहरण चालणार नाही. बाबा जिवंत आहेत, दोन हातांवर आहेत, त्यांना ऐकू येतं. समोरचा नसायला हवा. ती बाबा आणि स्वल्पविराम लिहून बसली होती. पेन उचललं आणि म्हणाली, मग एक दिवस थांबते. आज बोलतीलही. वाक्य उद्या लिहिते."

नळातून एक थेंब पडला.

"फुली माझी आहे," मी म्हटलं. "ती तुमच्यावर नव्हती, तिच्यावरही नव्हती. मी चुकले. ते उदाहरण बरोबर होतं."

काकांनी भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "म्हणजे या घरात नसलेला मी होतो." रडले नाहीत. प्रुफात चूक सापडल्यावर माणूस जितक्या शांतपणे सांगेल तितक्या शांतपणे म्हणाले. "आणि आम्ही इथे दारात भूत शोधतोय."

थोरली उंबऱ्यातच खाली बसली.

ते पुढे म्हणाले, तरी शेवटच्या दिवशीचं राहतंच. चार महिने येते म्हणाली असेल. पण आदल्या रात्रीही मी बोललो नाही. वाट बघून बघून त्या दिवशी जाते म्हणाली असेल तर? तुम्ही तिथे नव्हता, बाई. मी होतो, आणि मी नळ सोडला होता.

मी वही मागितली. उगाच मागची पानं चाळली. युफेमिझमचं पान आलं. कडू गोष्ट गोड शब्दात सांगणं, तो अलंकार. त्या पानाच्या कडेला निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण होती. काकांनी केलेली. मी विचारलं, हे वाचलंत तुम्ही?

"शंभरदा. उलटं, सुलटं. एकही चूक नाही."

"अर्थ?"

त्यांनी नकाराची मान हलवली. अर्थाकडे बघायचं नाही, ही चाळीस वर्षांची शिस्त.

मी ते तीन ओळींचं इंग्रजी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, आमच्या घरात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. लहानपणी मी रागावून जाते म्हटलं की बाबा मला जिन्यावरून परत बोलवायचे आणि येते म्हणायला लावायचे. कितीही भांडण झालं तरी हा शब्द मी बदलणार नाही, कारण परत बोलवायला आता बाबा बोलत नाहीत.

मी वाचून थांबले. काकांनी हात पुढे केला, वही घेतली आणि त्या तीन ओळी पुन्हा बघितल्या. या खेपेला डावीकडून उजवीकडे. बोट ठेवून, पहिलीत शिकणाऱ्यासारखं. थोरली उंबऱ्यातून म्हणाली, "मलाही बोलवायचात. दोनदा." तिचा आवाज मात्रेत मोजलेला राहिला नव्हता.

मग त्यांनी शेवटचं पान काढलं. बाबा, स्वल्पविराम, कोरी ओळ, माझी लाल फुली. खिशातून निळी पेन्सिल काढली. स्वल्पविरामापुढे त्यांना जे ऐकू आलं होतं तेवढंच लिहिलं. ते. मग त्या अक्षराच्या आधी, खाली, कावळ्याचा पाय काढला. पेन्सिल ओळीच्या वर नेली आणि थांबली. छापखान्यात दुरुस्ती करताना मोठ्याने वाचायची पद्धत असते. एक जण वाचतो, दुसरा ताडून बघतो. तशा आवाजात ते म्हणाले, "ते. आधी एक अक्षर गळलं आहे. काकपद. वर अक्षर भरा."

थोरलीला माझ्याआधी कळलं. ती झटकन उठून उभी राहिली. गळलेलं अक्षर कुठलं आहे ते तिच्या ध्यानात आलं, आणि ते वाचलं की काय होतं तेही. तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढं म्हणू देऊ नका, असं ती मला म्हणाली होती. मी हात पुढे करून पेन्सिल धरू शकले असते. पण मी आयुष्यभर पहिल्या ओळीत बसून त्या वर गेलेल्या दोन हातांकडे बघत आले आहे. माझ्याच्याने झालं नाही.

काकांनी अक्षर लिहिलं आणि वाचलं.

"ये."

आवाज दुरुस्तीचाच होता. निदान सुरुवात तशी होती. शेवटाला तो बापाचा झाला.

काहीही घडलं नाही. दार उघडं होतं, जिन्यात कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. नळ गळायचा थांबला होता. चपला होत्या तिथेच होत्या. थोरली किती वेळ कान देऊन उभी राहिली कोण जाणे. मग तिने जाऊन त्या चपलांवरची धूळ पदराने पुसली आणि जोड नीट लावून ठेवला, टोकं आतल्या बाजूला करून.

दोन वाजत आले होते. माझी माणसं वाचनालयाच्या पायऱ्यांवर वाट बघत असणार. मी वहीतल्या लाल फुलीवर लालच शाईने बरोबरची खूण केली. फुली त्यातूनही दिसत राहिली, ती काही जायची नाही. काका म्हणाले, आजच्या दिवस मला गैरहजर लिहा. मी पिशवी उचलली आणि दारातून सवयीने म्हटलं, "येते."

"या," काका लगेच म्हणाले. चार महिन्यांत आणि त्या पुढच्या दिवसांत त्या घरात दारातल्या माणसाला मिळालेलं ते पहिलं उत्तर असावं.

मी थोरलीला विचारलं, दार ओढून घेऊ का? तिने बापाकडे पाहिलं.

"राहू द्या उघडं," ती म्हणाली.

मी जिना उतरू लागले. पहिल्या वळणावर पोचले तेव्हा वर काकांचा आवाज पुन्हा आला, हलका, कुणीतरी अगदी जवळ उभं असल्यासारखा. ये, म्हणाले. मी कठडा धरून थांबले. मागे वळले नाही.

मला ते या म्हणाले होते.